खताचं पाणी तलावात गेलं तर बॅक्टेरियांना काय फरक पडतो?

तुम्ही विचारलंय की नायट्रोजन-फॉस्फरस हे शेवाळाचं खत, मग गोड्या तलावातले बॅक्टेरिया तर कुजकं खाऊन जगतात, त्यांचा काय संबंध. आहे, चांगलाच आहे. मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये असते, बीओडीच्या टेस्टला (पाण्यातली घाण खाताना बॅक्टेरिया किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायची टेस्ट) आम्ही नमुना पातळ करायच्या पाण्यात फॉस्फेट बफर, अमोनियम क्लोराइड, थोडं लोहसुद्धा घालतो, का तर हे कमी पडलं तर समोर खायला असूनही बॅक्टेरिया नीट खात नाहीत आणि रीडिंग खोटंच कमी येतं.

तलावातही तेच. पानं-बिनं कुजून कार्बन बऱ्यापैकी असतो पण फॉस्फरसची बोंब, आणि बॅक्टेरियाला कार्बनच्या मानाने तो शेवाळापेक्षाही जास्त लागतो कारण एवढ्याशा पेशीत रायबोझोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) ठासून भरलेले, त्यात आरएनए, आणि आरएनएमध्ये फॉस्फरस. वाळू-सिमेंट ढीगभर आणि सळईच नाही, बांधणार काय? मग खाल्लेलं बरंचसं नुसतं जाळून कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर. अशा तलावात खाल्लेल्या कार्बनमधला 10 टक्केसुद्धा कधीकधी अंगी लागत नाही, खत मिळालेल्या तलावात हेच 40-50 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. शिवाय टंचाईत फॉस्फटेज नावाचं एन्झाइम बनवून सेंद्रिय रेणूंतला फॉस्फेट कापून घ्यावा लागतो, आयता मिळाला की हा उद्योग बराचसा बंद.

पण खत मिळाल्यावर कमी जाळतात म्हणून ऑक्सिजन वाचतो असं समजू नका हं. बॅक्टेरियांची संख्या वाढते, मेलेलं शेवाळ तळाशी जाऊन कुजतं, आणि 25 अंशाला लिटरभर पाण्यात मुळात 8 मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, तळाला तो संपला की बॅक्टेरिया श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, लोह, मग सल्फेट (सडक्या अंड्याचा वास इथलाच), आणि शेवटी मिथेन तयार व्हायला लागतो. यातला लोहाचा टप्पा सगळ्यात वाईट, कारण गाळात लोहाने धरून ठेवलेला फॉस्फेट सुटून परत पाण्यात येतो, त्यामुळे सांडपाणी बंद केलं तरी तलाव वर्षानुवर्षं हिरवाच राहू शकतो. नुसती जलपर्णी काढून फोटो टाकणाऱ्यांना हे कोण सांगणार!

तुमच्याकडच्या तलावाचं बघायचं असेल तर दुपारी काठावरचं पाणी घेऊन काही कळणार नाही, तेव्हा शेवाळच ऑक्सिजन सोडत असतं. उजाडायच्या आत, खोल जागी, तळाजवळचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजा.