लंडनहून आणलेले जुने फोटो लंडनला परत पाठवता येतील का?

पुण्याच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वडील १९७८ ते १९९४ इंग्लंडमध्ये नोकरीला होते. रविवारी जुन्या बाजारांत हिंडून त्यांनी १८४० ते १८६० च्या सुमाराची तेवीस छायाचित्रे जमवली. पडक्या मठांच्या कमानी, कॅथेड्रलची दारे, ओकची झाडे, नदीकाठ. त्यांतली यॉर्कशरमधल्या रीव्हो मठाची दोन रॉजर फेंटन या त्या काळच्या नामवंत इंग्रज छायाचित्रकाराची असावीत, असे वडील म्हणत. कायमचे परतताना घरसामानाबरोबर ती पुण्याला आली. वडील २०१९ साली गेले. आता मुलाला ती लंडनच्या लिलावात विकायची आहेत. कुरिअरवाल्याने 'डेकोरेटिव्ह पोस्टर्स, किंमत २,००० रुपये' असे लिहायला सांगितले असून पार्सल सोमवारपासून त्याच्याकडेच आहे. वाचक विचारतात, "पुरावस्तू म्हणून फोटोंची नोंदणी लागत नाही असे वाचले. शिवाय ते भारताचे नाहीतच. मग अडचण कसली?"

आधी जाऊन पार्सल परत आणा. उत्तर नंतर वाचा.

घाई करायला सांगतो आहे, कारण पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ याच्या कलम २५ मध्ये शिक्षा फक्त पुरावस्तू देशाबाहेर गेल्यावर होते असे नाही. निर्यातीचा प्रयत्नही तिथे गुन्हा आहे, आणि तो स्वतः केला काय किंवा आपल्या वतीने दुसऱ्याकडून करवला काय, सारखाच. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद, वर दंड. कस्टम्सची जप्ती वेगळी. तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो, यावर वकील तासन्तास भांडू शकतात. पण वसईजवळच्या खाडीवर पकडलेल्या तस्करीच्या चांदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली चांदी बोटीत चढण्याआधीच 'प्रयत्न' झाला असे ठरवले होते. खोटे वर्णन लिहिलेले पार्सल कुरिअरच्या काउंटरवर ठेवून हा वाद घालायची वेळ तुमच्यावर येऊ नये. वर्णन खोटे लिहिले की 'मला कायदा माहीत नव्हता' हे वाक्यही तोंडातून जाते. लंडनला निघालेल्या मावसभावाच्या बॅगेत ठेवण्याचा जो पर्याय तुम्ही पत्राच्या शेवटी सुचवला आहे, त्यालाही हेच लागू. फरक इतकाच की तेव्हा विमानतळावर अडकेल तो मावसभाऊ.

आता नोंदणीचे. हा गोंधळ मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पत्रात भेटतो. कधी आजोबांचे घड्याळ असते, कधी पणजीची पैठणी, कधी बखरीची पाने. नोंदणीचे कलम १४ ठरावीक प्रकारांनाच लागू आहे. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते हे त्यातले मुख्य. छायाचित्रे त्या यादीत नाहीत, इथवर तुम्ही वाचलेले बरोबर. पण निर्यातीची बंदी कलम ३ मध्ये आहे आणि ते कलम नोंदणीची यादी बघतच नाही. ते बघते कलम २ मधली 'पुरावस्तू'ची व्याख्या. त्या व्याख्येत शंभर वर्षे जुनी कोणतीही कलाकृती किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू येते. ऐतिहासिक, वैज्ञानिक वा सौंदर्याच्या दृष्टीने मोल असलेला दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षेच पुरतात. फोटो ही कला की दस्तऐवज, असा वाद घालून सुटका होणार नाही. तुमचे प्रिंट दोन्ही दारांनी आत येतात.

आणि तुमचे सगळे प्रकरण ज्या एका गोष्टीवर अडते ती अशी, की या व्याख्येत 'भारतात घडलेली' हे शब्द नाहीत. यॉर्कशरच्या मठाचा, इंग्रज माणसाने इंग्लिश कागदावर काढलेला फोटो पुण्याच्या कपाटात असेल आणि तो शंभरी ओलांडलेला असेल, तर आपल्या कायद्याला तो पुरावस्तूच आहे. हे मला स्वतःला पटते का, हा प्रश्न निराळा. मला वाटते संसदेने या कलमाकडे पुन्हा पाहायला हवे, कारण यामुळे परदेशातून दुर्मिळ काही आणणारा माणूस ते इथे आणायलाच कचरतो. पण आज कायदा असा आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. लिलावात किंमत वाढवणारा प्रत्येक पुरावा बंदी पक्की करतो. त्या काळच्या प्रिंटचा कागद उजेडासमोर धरला तर कधी कधी 'व्हॉटमन टर्की मिल' हे इंग्लिश कागदगिरणीचे नाव आणि खाली साल असा जलचिन्हाचा ठसा दिसतो. तिथे १८४५ दिसले की संग्राहकाचे डोळे चमकतात, आणि कस्टम्स अधिकाऱ्यालाही दुसरे काही विचारावे लागत नाही. या काळातले इंग्लिश प्रिंट दुर्मिळ होण्यामागेही कायद्याचा हात आहे. छायाचित्रणाचा एक इंग्रज जनक फॉक्स टॅलबॉट याने कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट १८४१ साली घेतले आणि १८५२ पर्यंत ते आवळून धरले; पैसे घेऊन व्यक्तिचित्रे काढण्याचा हक्क तर त्यानंतरही सोडला नाही. स्कॉटलंडला ते लागू नव्हते, म्हणून हिल आणि ॲडमसन हे छायाचित्रकार १८४३ पासून एडिंबरात मोकळेपणी काम करू शकले. १८५४ साली लारोश नावाच्या व्यावसायिक छायाचित्रकाराविरुद्धचा दावा टॅलबॉट हरला आणि मग मैदान सगळ्यांना खुले झाले. तुमचे वडील काय जमवत होते, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

म्हणूनच पत्रातले एक वाक्य वाचून मी हातातले पत्र खाली ठेवले. '२०२१ मध्ये फ्लॅट बदलताना बाबांच्या जुन्या पावत्या आणि सामानाच्या याद्या रद्दीत दिल्या.' वस्तू परदेशातून आली हे दाखवणारे कागद एवढाच काय तो आधार तुमच्या हातात होता. परवानगी त्याने मिळालीच असती असे नाही, पण अर्ज निदान कशावर तरी उभा राहिला असता. आता जे उरले असेल ते गोळा करा. वडिलांचे जुने पासपोर्ट, चेकबुकांचे अर्धे, तिकडच्या दुकानदारांची पत्रे, प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहिलेली पौंडातली किंमत. मागची पेन्सिल चुकूनही खोडू नका.

तेवीसही प्रिंट सारखे असतीलच असे नाही. फ्रान्सिस फ्रिथसारख्या इंग्रज छायाचित्रकारांच्या निगेटिव्हवरून पुढे कितीतरी वर्षे प्रिंट निघत राहिले. निगेटिव्ह १८५७ चे आणि प्रिंट १९६० चा, असे असेल तर वय मोजायचे ते प्रिंटचे. अशा प्रिंटसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असे प्रमाणपत्र मागता येईल. वस्तू पुरावस्तू आहे की नाही याचा निर्णय कलम २४ प्रमाणे तिथल्या महासंचालकांचा, आणि तो अंतिम. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, पण तुमच्या प्रकरणात मी ती सुचवणार नाही. व्याख्या स्पष्ट असताना वर्षानुवर्षे तारखा घेत बसणे म्हणजे वकिलाचे पोट भरणे.

विकायचेच असेल तर भारतात विका. पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. घरातला वारसा एकदा विकणारा माणूस व्यापारी ठरू नये असे माझे मत आहे, पण तुकड्यातुकड्याने विकत राहिलात तर प्रश्न उठू शकतो, म्हणून परवानाधारकामार्फत जाणे बरे. दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनसारख्या, एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत मुरलेल्या संस्थांना निदान पत्र टाका. किंमत लंडनइतकी येईल असे सांगून मी तुमची आशा वाढवणार नाही. आई आणि बहीण यांचाही यात हिस्सा आहे. मृत्युपत्र नसेल तर दोघींची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही प्रिंट हलवू नका.

फेंटनचे दोन खरेच फेंटनचे आहेत का, हे कळायला प्रिंट लंडनला जावेच लागतात असे नाही. बंदी वस्तूवर आहे, तिच्या स्कॅनवर नाही. पुढची बाजू, मागची बाजू आणि मागून उजेड टाकून जलचिन्ह, असे तिन्ही स्कॅन तिथल्या जाणकाराला खुशाल पाठवा.

तोपर्यंत फ्रेम करून हॉलमध्ये लावू का, असे तुम्ही विचारले आहे. लावू नका. त्या काळच्या सॉल्ट प्रिंटची, म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर काढलेल्या फोटोची, आकृती कागदाच्या तंतूंतच असते, वर कसलेही कवच नसते, आणि खिडकीतल्या उजेडाने ती विटत जाते. आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात आडवे ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहा.