घटस्थापनेची वाट पाहू नकोस

प्रिय बेटा,

तुझे पत्र काल रात्री वाचले. अक्षय्य तृतीयेपासून तू साखर बंद केलीस, ऑफिसातला दुपारचा चहासुद्धा बिनसाखरेचा करून घेतलास, आणि पोळ्याला काटोलला घरी गेल्यावर पहिली पुरणाची पोळी पानात पडली तेव्हा सगळे मोडले, असे तू लिहितोस. पुढे गणपती आले, महालक्ष्म्या आल्या, नागपूरला मिहानमधल्या तुमच्या ऑफिसात रोज कोणी ना कोणी पेढ्यांचा पुडा उघडत राहिले, आणि आता अनंत चतुर्दशी उलटली तरी फ्रिजमध्ये संत्रा बर्फीचा अर्धा डबा शिल्लक आहे. हे सगळे मला समजते, त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. खटकले ते तुझे शेवटचे वाक्य: "चार महिने पाण्यात गेले, आता घटस्थापनेपासून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो." हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी साधा हिशेब करू. अक्षय्य तृतीयेपासून पोळ्यापर्यंत सुमारे ११५ दिवस होतात, आणि पोळ्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत १५. आता तू घटस्थापनेपर्यंत थांबणार म्हणजे पितृपक्षाचे आणखी १५-१६ दिवस, आणि पितृपक्षात खीर असतेच. याचा अर्थ, जी घसरण पंधरा दिवसांची होती ती तू स्वतःच्या हाताने महिनाभराची करणार आहेस, आणि तीही चांगला मुहूर्त गाठण्याच्या नादात. सणांनी तुझे जेवढे नुकसान केले तेवढेच हा मुहूर्त करील.

पाण्यात गेले म्हणतोस तेही खरे नाही. तुझा एचबीएवनसी एप्रिलमध्ये ६.० आला होता. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी समजली जाते, म्हणून तर तू हे सुरू केलेस. ही तपासणी नेमके काय मोजते ते ध्यानात घे. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि त्यामुळे या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी उतरते. पंधरा दिवसांच्या पुरणपोळ्यांनी ती सरासरी बिघडते, पण पुसली जात नाही. मात्र या सरासरीत अलीकडच्या महिन्याचे वजन जुन्या महिन्यांपेक्षा जास्त असते, आणि म्हणूनच आज परतणे आणि घटस्थापनेला परतणे यांत रक्ताच्या दृष्टीने फरक आहे.

एकदा मोडले की "आता मोडलेच आहे तर" असे मन का म्हणते, याचा अभ्यास झालेला आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही जणांना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि नंतर सगळ्यांपुढे चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम ठेवले. खाण्यावर स्वतःहून बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, कारण पोट भरले होते. पथ्य पाळणाऱ्यांचे उलटे झाले, मिल्कशेक घेतल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्ले. भूक वाढली नव्हती, पण आजचा दिवस वाया गेला असे त्यांनी ठरवून टाकले असावे. पोळ्याच्या संध्याकाळी तुझ्या पानात दुसरी, मग तिसरी पोळी कशी आली, ते तुला आता वेगळे सांगायला नको.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. २००९ साली मी स्वतः चार महिने साखरेशिवाय काढले होते. पुतण्याच्या लग्नात पंगतीत वाढप्याने वाटीत दोन गुलाबजाम ठेवले, मी ते खाल्ले, आणि घरी येताना हिला म्हणालो, आता दिवाळी झाली की बघू. दिवाळी झाली. मग वाटले संक्रांतीचा तिळगूळ नाकारायचा कसा, संक्रांतीनंतर सुरू करू. मग पाडव्याच्या गाठी आल्या, मग उन्हाळा तापला आणि सीताबर्डीवरून येताजाता रसवंतीसमोर पाय थबकू लागले. उसाच्या रसात १२ ते १५ टक्के साखर असते, म्हणजे मोठ्या ग्लासात तीसएक ग्रॅम. मी मात्र तो औषधासारखा पीत होतो. त्या दोन गुलाबजामांची किंमत मला कित्येक महिने पडली. मृगाच्या सुमारास पुन्हा रक्त तपासले तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या अजून चालू आहेत. गुलाबजाम मी आजही विसरू शकलो असतो. ते "झाल्यावर बघू" मात्र विसरता येत नाही.

तुला मारबतीची मिरवणूक आवडते, म्हणून एक विषयांतर करतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महालातून, इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पिडा सोबत नेणारे मोठे पुतळे, निघतात आणि सगळा गाव "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत त्यांच्यामागे जातो. आपल्यालाही तसेच हवे असते: एका दिवशी गाजावाजा करून गोडाची आवड वेशीबाहेर नेऊन जाळून टाकावी. पण जिभेची सवय अशी जळत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे माग ठेवला, तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा त्यांचा अंदाज निघाला, पण माणसामाणसात तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला, आणि मध्ये एखादी संधी चुकल्याने घडणाऱ्या सवयीचे फारसे काही बिघडले नाही. तुझे पंधरा दिवस म्हणजे एखादी चुकलेली संधी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही ११५ दिवसांत बिनसाखरेचा चहा तुझ्या जिभेला चहासारखा लागू लागला होता, असे तूच जुलैमध्ये कळवले होतेस. ती जीभ तुझ्याकडे अजून आहे. आठवडाभर चहा कडू लागेल, कदाचित दुपारी डोके जड होईल, चिडचिड होईल. तेवढा काळ जाऊ दे.

म्हणून आज रात्रीचे जेवण नेहमीचे कर. ज्वारीची भाकर, झुणका किंवा पातोडीचा रस्सा, घट्ट वरण, वाटीभर दही, काकडी. प्रायश्चित्त म्हणून उपास अजिबात करू नकोस, कारण उपाशी माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पाच वाजता जे समोर येईल ते खातो, आणि तुमच्या ऑफिसात पाच वाजता काय समोर येते ते तूच लिहिले आहेस. त्या वेळेसाठी बॅगेत फुटाणे आणि शेंगदाणे ठेव. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाल. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची चढण कमी होते. आणि फ्रिजमधला डबा उद्या सकाळी कामवाल्या मावशींना देऊन टाक. टाकून द्यायला तुझा हात धजणार नाही आणि ठेवलास तर रात्री अकराला तो तुला हाक मारील.

आता गुळाबद्दल. "साखर नाही, गूळ घातला आहे" हे वाक्य तुला अख्ख्या विदर्भात ऐकू येईल, आणि काटोलच्या पोळीबाबतही तू ते मला ऐकवलेस. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो. आणि पुरणात वाटीभर डाळीला जवळजवळ वाटीभर गूळ पडतो, हे तुझ्या आईलाच विचारून पाहा. मध आणि खजुराची बर्फी यांचेही फार वेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची, ज्यात मध आणि फळांचे रसही येतात, मर्यादा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगितली, म्हणजे २००० कॅलरींना ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत. हा आकडा मला एकेकाळी भरपूर वाटला होता. मग एके दिवशी घरातल्या काट्यावर मी चहात घालतो तो चमचा तोलला. शिगोशीग भरलेल्या त्या चमच्यात सात ग्रॅम निघाली; चहा दिवसातून चार वेळा आणि प्रत्येक वेळी दोन चमचे. बिस्किटांची गोष्टच नको. आता पाकिटांवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी छापतात, ती ओळ वाच, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते हे लक्षात ठेव: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावे वर दिसली तर पाकीट परत ठेव. कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांवर मी तुला ढकलणार नाही. ज्यांना आधीपासून मधुमेह नाही त्यांनी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये असे त्याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे, आणि माझ्या मते त्यांनी जिभेची गोडाची अपेक्षा जिवंत राहते.

सगळ्यात अवघड असतो तो आग्रह. "काय होते बाप्पा एका तुकड्यानं" हे मावशी प्रेमानेच म्हणते, आणि तिच्यापुढे एचबीएवनसीचे व्याख्यान देणे म्हणजे वादाला आमंत्रण. माळकरी माणसाकडे पाहा. तो पंगतीत "मी खात नाही" एवढेच म्हणतो, कारणे देत बसत नाही, आणि वाढपी पुढे जातो. "सध्या डाएट चालू आहे" म्हटले की समोरच्याला कळते, हे कधीतरी संपणार आहे, आजच संपवू या. तू "मी गोड खात नाही" म्हण आणि भाजी मागून घे. वाढणाऱ्याचा हात रिकामा परत गेला नाही की आग्रहाचे निम्मे काम भागते. आणि कधी आईच्या हातची एक पोळी खावीशी वाटली तर ती ताटात घेऊन, बसून, सगळ्यांसमोर खा. उभ्या उभ्या फ्रिजच्या उजेडात खाल्लेल्या चार तुकड्यांपेक्षा ते बरे. पुढचे जेवण मात्र पुन्हा आपले नेहमीचे.

एक सावधगिरीही सांगतो. तुला अजून गोळ्या नाहीत, पण पुढेमागे डॉक्टरांनी दिल्या तर साखरबंदीचे सोवळे करू नकोस. माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी असते, कारण गोळ्या घेणाऱ्याची साखर कधी ७० च्या खाली गेली, हात थरथरू लागले, घाम फुटला, तर त्या वेळी सुमारे १५ ग्रॅम साखर लगेच घेणे हेच औषध असते.

तपासणीची घाई करू नकोस. आजपासून तीन महिने मोज, म्हणजे डिसेंबर येईल. तेव्हा तो आकडा घेऊन माझ्याकडे ये, मग पुढचे बोलू. तोपर्यंत वहीत दिवस मोजायचे असतील तर एकपासून मोजू नकोस, ११६ पासून मोज.

कोजागिरीला गच्चीवर नेहमीसारखे जमणार आहोत. ही आता दूध दोन पातेल्यांत आटवते, एकात साखर घालते, दुसऱ्यात नुसते केशर, वेलची आणि चारोळी. दुसरे पातेले छोटे आहे आणि लवकर संपते, तेव्हा नऊच्या आत ये.

तुझा,
काका