वाचक विचारतात: मल्टिफंक्शन टेस्टर घेऊ का?

प्रश्न: मी गुहागर भागात वायरिंगची कामं घेतो, हल्ली होमस्टेची जास्त. क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर आणि हाताने फिरवायचा, इन्सुलेशन मोजायचा जुना मेगर आहे. एवढ्यावर भागतंय, मग वायरिंगच्या सगळ्या चाचण्या एकाच यंत्रात करणाऱ्या मल्टिफंक्शन टेस्टरवर स्कूटरएवढे पैसे का घालू?

उत्तर: नुसती रिपेरिंगची कामं असती तर नका घेऊ म्हटलं असतं. पण तुम्ही अख्खं वायरिंग करून देताय आणि तिथे परका माणूस ओल्या अंगाने गिझरचा नळ सोडणार आहे, तेव्हा माझं उत्तर घ्या असंच आहे. दोन गोष्टी तुमच्याकडच्या एकाही मीटरने कळत नाहीत, एक लूप इम्पिडन्स (फेजमधून अर्थमार्गे करंट परत जायच्या वाटेचा विरोध) आणि दुसरी आरसीसीबी (अर्थकडे गळणारा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) किती करंटला, किती वेळात पडतो ती.

आपल्याकडे बहुतेक घरांत सर्व्हिस वायरने फेज आणि न्यूट्रल येतो, अर्थ आपली आपण खड्डा मारून करतो, आणि खाली जांभा दगड, त्यात अर्थ नीट लागत नाही. समजा लूप २० ओहम आला. गिझरची बॉडी फेजला लागली तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहणार, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) त्याला ढिम्म हलत नाही आणि बॉडी तशीच लाइव्ह राहते. तिथे वाचवणारा एकटा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणून कोकणात तो तपासल्याशिवाय घर ताब्यात देऊच नये असं माझं ठाम मत आहे.

आणि आरसीसीबीवरचं टी (टेस्ट) बटण दाबून तो पडला म्हणजे झालं असं कृपया धरू नका, ते बटण आतल्याच रेझिस्टरमधून करंट फिरवतं, बाहेर अर्थची वायर तुटलेली असली तरी तो पडणारच. टेस्टरवर १५ मिलिअँपिअरला पडता कामा नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे, १५० ला ४० च्या आत, आणि हे ० आणि १८० डिग्री दोन्हीकडून (एसी लाटेच्या दोन्ही अर्ध्या भागांत) बघायचं.

घेताना आयईसी ६१५५७ (अशा टेस्टरचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलंय का, कॅट रेटिंग (व्होल्टेजचा किती मोठा झटका सोसेल ते) काय आणि नो-ट्रिप (आरसीसीबी न पाडता होणारी) लूप टेस्ट आहे का ते बघा. इन्सुलेशन टेस्टच्या आधी लाइनवर काही जोडलेलं राहिलंय का ते सांगणारी सोय फ्लूक १६६४ एफसीसारख्या मॉडेलमध्ये असते, ती खूप कामाची. कॅलिब्रेशन दरवर्षी कुठे करून मिळेल ते दुकानदाराला आधी विचारा. एकट्याला जड जात असेल तर ओळखीच्या दोघातिघांनी मिळून एक घ्या, रोज लागणारी वस्तू नाहीये ती.

प्रश्न: देवगडला कातळावरच्या एका घरात अर्थ मोजायची आहे पण मोजणीसाठी जमिनीत ठोकायच्या खुंट्याच जात नाहीत आत, आणि लूप टेस्ट लावली की आरसीसीबी पडतो. काय करू?

उत्तर: खुंट्यांचा नाद सोडा. असल्या घरात फेज ते अर्थचा लूप मोजला तरी चालतं, त्यात मुख्य वाटा तुमच्या इलेक्ट्रोडचाच (जमिनीत पुरलेल्या अर्थचाच) असतो, आणि आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवेल, कमी नाही. टेस्टर नो-ट्रिप मोडवर ठेवा. त्यात करंट अगदी थोडा सोडतात म्हणून वेळ लागतो, रीडिंगही जरा नाचतं, दोनतीनदा घ्या. तरीही पडतोय म्हणजे लाइनवर बहुधा आधीच थोडं लीकेज आहे, एकेक सर्किट काढून शोधा. हिशोबाने ५० व्होल्ट (बॉडीवर चालेल एवढा व्होल्टेज) भागिले ०.०३ अँपिअर (आरसीसीबीचे ३० मिलिअँपिअर), म्हणजे १६६७ ओहमपर्यंत चालतं, पण त्यावर खूश होऊ नका, २०० च्या वरची अर्थ भरवशाची नसते. आणि मे महिन्यात मोजा, पावसात जांभा भिजलेला असतो तेव्हा आकडा छान येतो आणि उन्हाळ्यात तीच अर्थ कितीतरी वर जाते.

टेस्ट चालू असताना घरातल्या कुणालाही पंप, नळ, फ्रिज यांना हात लावू देऊ नका, अर्थ खराब असेल तर त्या वेळेपुरता बॉडीवर व्होल्टेज चढू शकतो.

प्रश्न: पावसाळ्यात इन्सुलेशन जेमतेम दीड मेगाओहम येतं. वायरिंग बाद का?

उत्तर: लगेच बाद म्हणू नका. ५०० व्होल्ट डीसीला किमान १ मेगाओहम लागतो, म्हणजे पास आहे, पण चांगल्या कोरड्या वायरिंगला याच्या कितीतरी पट येतो, तेव्हा ओल कुठेतरी शिरली आहे हे नक्की. आधी मेन बंद करून सप्लाय नाही ना ते मल्टिमीटरने किंवा मल्टिफंक्शन टेस्टरने बघा, एलईडी, इन्व्हर्टर, सर्ज प्रोटेक्टर सगळं सोडवा, नाहीतर एकतर रीडिंग खोटं येईल नाहीतर वस्तू उडेल. मग फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजा, एकेक सर्किट वेगळं काढून. बहुतेक वेळा अंगणातला दिवा, पंपाची लाइन किंवा पडवीतला बोर्डच निघतो, खारी हवा टर्मिनलवर बसते आणि तो मिठाचा थर ओल धरून ठेवतो. पुसून, वाळवून, बॉक्स बदलून परत मोजा. टेस्टरच्या लीडच्या टोकांनाही हाच मिठाचा थर येतो, कंटिन्युइटीच्या (तार सलग आहे का बघायच्या) आधी ती घासून झीरो करून घ्या, नाहीतर प्रत्येक जोडात नसलेला ओहम शोधत बसाल.