सत्तरीतल्या माझ्या जमिनीची माती नेमकी कुठल्या प्रकारची, हे सॉइल हेल्थ कार्डवरून कसं ओळखायचं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एकरभर उताराची जमीन, कार्डावर सामू 5.3, सेंद्रिय कर्ब 1.4 टक्के, स्फुरद कमी, पालाश मध्यम. ही माती अल्टिसॉल, ऑक्सिसॉल (मृदा वर्गीकरणातले झिजलेल्या मातींचे दोन गट) की नुसती जांभ्याची, आणि पोफळी लावू का, हा प्रश्न.

कार्डावरून ओळखता येत नाही. कोणी सामू बघून छातीठोकपणे नाव सांगत असेल तर त्याच्याकडून कलमंसुद्धा विकत घेऊ नका.

2015 मध्ये ही योजना आली तेव्हापासून कार्डावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यात मातीची खोली नाही, खडे किती ते नाही, चिकण किती ते नाही, कॅटायन विनिमय क्षमता, म्हणजे अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची मातीची ताकद, नाही. नमुना वरच्या वीतभर थराचा. शिवाय योजनेच्या मूळ आखणीत कोरडवाहू भागाला 10 हेक्टरमागे एक नमुना धरला होता. विदर्भात चालेल. आमच्याकडे 10 हेक्टरात वरचा सडा (जांभ्याचं पठार), मधली मोरड (उताराची जमीन), खालचं कुळागर (पोफळी-माडांची बाग), व्हाळ (ओढा) आणि अर्धं देऊळ येतं.

मी मृदाशास्त्रात एमएस्सी केलं आणि काही वर्षं सर्वेक्षणाच्या कामात खड्डे खणत फिरले. माहेर पेडण्याचं, सासर तुमच्याच सत्तरीतलं. तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या मोठ्या भावोजींची फाईल आठवली, म्हणून एवढं लिहितेय.

सासरची जमीन सड्याच्या कडेपासून व्हाळापर्यंत उतरत जाते. भावोजी नोकरीतून निवृत्त झाले आणि वरच्या उतारावर पोफळी लावायचं त्यांनी मनावर घेतलं. माती तपासून घेतली. पण नमुना कसा घेतला? वरून चार मुठी, मधून चार, खाली व्हाळाजवळून चार, सगळं एका घमेल्यात कालवलं आणि पिशवी भरून पाठवली. अहवाल आला तो कुठल्याच जागेचा नव्हता, पण त्यावर शिक्का होता. त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला. मी म्हटलं, "भावोजी, आधी खड्डा मारून बघूया." तर म्हणाले, "तू पुस्तकं वाचलीस गं, आम्ही ही जमीन जन्मापासून बघतोय. आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो इथे, पोफळीला पाणी कसलं कमी पडतंय?"

दिवाळीनंतर मी स्वखर्चाने दोन माणसं लावून खड्डे मारले. एक त्यांच्या पोफळीच्या जागी, एक खाली व्हाळाच्या अंगाला.

वरच्या खड्ड्याची भिंत अजून डोळ्यांसमोर आहे. वरचा वीतभर थर तपकिरी, मुळांनी भरलेला. त्याखाली रंग एकदम लाल, मातीचे रंग जुळवायच्या मुन्सेलच्या पुस्तकात 2.5 वायआरच्या पानावर जाणारा. कुदळ प्रत्येक घावाला खणखणत होती, कारण निम्म्याहून जास्त भाग जांभ्याचे गोल खडे. खड्यांच्या मधली माती बोटांत चोळली तर वाळूसारखी खरखरीत. ओली करून पाच मिनिटं मळत राहिल्यावर मात्र ती चिकट होत गेली, कारण लोहाच्या ऑक्साइडांनी चिकणमातीचे कण एकमेकांना डकवून त्यांची खोटी वाळू केलेली असते. ढेकूळ फोडून दहापटीच्या भिंगाखाली धरलं तर छिद्रांच्या आतल्या बाजूला मेणासारखा चकाकणारा पातळ लेप दिसला. वरच्या थरातली चिकण पावसाने खाली वाहून नेऊन बसवली, त्याची ती खूण. कमरेइतक्या खोलीवर लाल-पिवळी-पांढरी ठिपकेदार माती लागली, फावड्याने सहज कापली जाणारी. तिचा एक तुकडा मी मुद्दाम खड्ड्याच्या काठावर ठेवला. एक-दोन पावसाळे-उन्हाळे खाऊन तो असा झाला, की हातोडी लागली. याला प्लिंथाइट म्हणतात. चिरेखणीवरच्या कोणालाही विचारा, चिरा कापताना मऊ असतो आणि वारं-ऊन लागलं की घट्ट होतो, हे तो तुम्हाला सांगेल.

व्हाळाजवळच्या खड्ड्यात खडा नावाला नाही. पिवळसर तपकिरी माती, खाली राखाडी डाग, तळाशी दिवाळीनंतरही पाणी झिरपत होतं. लाल रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचा, तो निचरा चांगला असेल तिथे टिकतो. ओल टिकते तिथे गोएथाइटचा पिवळा, आणि पाणी तुंबतं तिथे लोह निघूनच जातं, राखाडी उरतं. दोन खड्ड्यांत अंतर एका हाकेचं. या दोन मातींची सरासरी काढून भावोजींनी लॅमिनेट केली होती.

आता प्रयोगशाळेबद्दल. तिथे माती वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर राहिलेलं फेकून देतात आणि खाली पडलेलं तपासतात. पद्धत म्हणून ते बरोबर आहे, पण तो आकडा फक्त बारीक मातीचा असतो. कार्डावर किलो-प्रति-हेक्टर लिहिताना हेक्टरच्या वरच्या थराचं वजन साधारण 22 लाख किलो धरतात. तुमच्या जमिनीत वजनाने निम्मे खडे असतील तर बारीक माती ढोबळमानाने 11 लाख किलो. म्हणजे 200 किलो पालाश लिहिलं असेल तर झाडाच्या वाट्याला सुमारे 100. पाणी धरण्याचंही तेच. हे मी भावोजींना कागदावर करून दाखवलं. ते म्हणाले, "सरकारी अहवाल चुकीचा आणि तुझी वही बरोबर?" अहवाल चुकीचा नव्हताच, त्याला खड्यांचं कोणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या अल्टिसॉल-ऑक्सिसॉलचं. यासाठी खड्ड्यातल्या प्रत्येक थराचा वेगळा नमुना लागतो. वरच्या थरात चिकण 15 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर खालच्या थरात ती त्याच्या 1.2 पट तरी हवी, म्हणजे 30 ची 36. शिवाय तो चकाकणारा लेप बघायचा. मग चिकणीच्या किलोमागे विनिमय क्षमता किती ते काढायचं: मातीची क्षमता 6 आणि चिकण 45 टक्के असेल तर 6 भागिले 0.45, म्हणजे साधारण 13. ही 16 च्या आत आली की केओलिनाइट या चिकण खनिजाची, थकलेली माती. मग कॅल्शियम-मॅग्नेशियम-पोटॅश-सोडियम मिळून किती जागा व्यापतात ते बघायचं. ते 35 टक्क्यांच्या खाली असेल तर अल्टिसॉल, वर असेल तर अल्फिसॉल हा तिसरा गट. आणि हे वरच्या वीतभर थरात बघायचं नसतं. तो चिकणीचा थर जिथे सुरू होतो तिथून 125 सेंटिमीटर खाली किंवा पृष्ठभागापासून 180 सेंटिमीटरवर बघायचं, खडक त्याआधी लागला तर त्याच्या लगेच वर. वरच्या थरात पालापाचोळा, राख, शेण पडून ही मूलद्रव्यं वाढलेली असतात, म्हणून कार्डाचा नमुना इथे कामाचाच नाही. ऑक्सिसॉल म्हणायचं तर 50 ते 200 मायक्रॉनच्या कणांत झिजण्याजोगी खनिजं 10 टक्क्यांहून कमी हवीत, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. चिकणीचं प्रमाण मोजताना लोह आधी काढायला सांगा. नाहीतर ती खोटी वाळू खरी वाळू म्हणून नोंदली जाते आणि पुढची सगळी गणितं बिघडतात. स्फुरद ब्रे पद्धतीने काढलं की ओल्सेनने, तेही विचारा. 5.3 सामूला ब्रे.

राहिला पाऊस. भावोजींचं तीन हजार मिलिमीटर खरं आहे. पण तो जून ते सप्टेंबर. मातीच्या वर्गीकरणात वर्षाचा एकूण पाऊस विचारत नाहीत. मुळांच्या पट्ट्यातली माती वर्षात किती दिवस कोरडी असते ते विचारतात. सर्वसाधारण वर्षी एकूण 90 दिवस किंवा जास्त कोरडी राहिली तर ती उस्टिक. आमच्या मोरडीवर जानेवारीपासून मेपर्यंत काय असतं ते तिथे अनवाणी चालून बघावं. उष्णतेचं सोपं आहे: अर्धा मीटर खोलीवर वर्षाची सरासरी 22 अंशांच्या वर आणि उन्हाळा-हिवाळ्यात 6 अंशांचाही फरक नाही, म्हणजे आयसोहायपरथर्मिक. हे सगळं जमून आल्यावर 'क्लेयी-स्केलेटल, केओलिनिटिक, आयसोहायपरथर्मिक, उस्टिक कंदिह्युमल्ट' असं लांबलचक नाव तयार होतं. त्यात खडे आहेत ('स्केलेटल'), खनिज आहे, हवामान आहे, कर्ब आहे ('ह्युमल्ट'). वरच्या उतारासाठी माझा अंदाज साधारण त्याच घरातला होता. पोफळीला नाही म्हणायला त्यातले 'स्केलेटल' आणि 'उस्टिक' एवढे दोन शब्द मला पुरे होते.

आणि शब्द नकोत तर जुनी कुळागरं बघा. एकही वर उतारावर आहे का? सगळी पायथ्याला, झरीच्या पाण्याखाली. मोरड, केर, खाजन अशी जमिनीची वरपासून खालपर्यंत वाटणी इथल्या लोकांनी केली तेव्हा मुन्सेलचं पुस्तक नव्हतं. पण जागा, पाणी आणि माती एकत्र बघितल्याशिवाय कोणी रोप लावत नव्हतं. 'आम्ही जन्मापासून बघतोय' म्हणणारे नेमकं हेच बघत नाहीत.

तर तुमच्यासाठी: नोव्हेंबरात, जमीन दगड व्हायच्या आत, माणूस आत बसून भिंत बघू शकेल एवढा खड्डा मारा. उतारावर वर-मधे-खाली असे तीन मारलेत तर उत्तम. एक भिंत उन्हाकडे ठेवा. थर मोजा, थराथराचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरा, खड्यांचं वजन तुम्हीच करून पिशवीवर लिहा. जुन्या गोव्यात एला इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे, तिथे चौकशी करा. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या कृषी-परिस्थितिकी नकाशावर आपण 19 व्या विभागात येतो, पण त्या प्रमाणाच्या नकाशावर तुमचा एकर शोधायला जाऊ नका.

हे सगळं तुमची जमीन न बघता लिहिलंय. घाटाच्या अगदी कुशीत, दाट रानाला लागून असेल तर ओल जास्त टिकते आणि माझं 'उस्टिक' तिथे लागू होणार नाही. जवळपास खाण असेल तर वरचा थर मूळचा आहे की टाकलेला भराव, ते आधी बघा. आणि कार्ड फेकू नका. चुना, जस्त, बोरॉन यांसाठी ते उपयोगी आहे. खालच्या अंगाला खोल माती आणि पाणी असेल तर पोफळी खुशाल लावा, वर काजू बरा.

भावोजींची पोफळी जगली, हेही सांगायला हवं, नाहीतर त्यांनी हे वाचलं तर म्हणतील लपवलं. दर चवथीला, गणपतीवरच्या माटोळीला (फळांच्या मांडवीला) सुपारीचा घोस बांधताना, ते माझ्याकडे बघून "स्केलेटल हां!" म्हणतात. मार्चपासून त्या झाडांना टँकर लागतो आणि त्याचे पैसे आमचे हे अर्धे भरतात, हा विषय त्या वेळी कोणी काढत नाही. यंदा मी काढणार आहे.