पद्मिनीचा गंज आणि सहा लाखांच्या ठेवी

प्रश्न : अलिबागला राहतो, वय ४४. वडिलांची ऑगस्ट १९८७ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. इंजिन ठणठणीत, पत्रा मात्र गंजलाय. गॅरेजने 'पूर्ण बॉडी रिस्टोरेशन, पेंटसह' २ लाख ८५ हजार सांगितलेत. हातात येणारा पगार ८२ हजार. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ५८ हजार जातात, एसआयपी १२ हजारांची. दोन-दोन लाखांच्या तीन मुदत ठेवी आहेत. मुलगी जूनमध्ये अकरावीला जाईल, क्लासची फी १ लाख २० हजार. ठेवी मोडू की १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढू? तयार झालेली गाडी पाच लाखांना सहज जाईल, असं गॅरेजवाले म्हणतात.

उत्तर : पाच लाखांचं आधी बघू, कारण तुमचा सगळा विचार त्याच आकड्याभोवती फिरतोय. गाडी आज आहे तशी ९० हजारांना गेली असती असं धरा. त्यात २ लाख ८५ हजार घातले की तुमचे ३ लाख ७५ हजार अडकले. तेच पैसे ७ टक्क्यांनी पाच वर्षांत ५ लाख २६ हजार होतात. शिवाय विमा, बॅटरी, टायर, किरकोळ कामं यांचे वर्षाला २५ हजार धरले तर आणखी सव्वा लाख. म्हणजे पाच वर्षांनी खरोखर पाच लाख हातात पडले तरी तुम्ही दीड लाखाने मागेच. तेव्हा विक्रीची किंमत या हिशेबातून काढून टाका. वडिलांची गाडी चालती ठेवायची आहे, एवढं कारण पुरेसं आहे. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका.

आता ते २ लाख ८५ हजार. अख्खं काम एका ओळीत लिहिलेलं अंदाजपत्रक मी घेतच नाही. यात दोन वेगळी कामं गुंडाळलेली आहेत : पत्र्याचं आणि रंगाचं. रंग दोन वर्षं थांबू शकतो. पत्रा थांबत नाही, अलिबागच्या खाऱ्या हवेत तर नाहीच.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचा सांगाडा म्हणजेच तिची बॉडी. दाराखालची पोकळ पेटी, जिला गॅरेजवाले सिल म्हणतात, आणि पायाखालचा तळ हे दोन्ही गाडीचं वजन पेलतात. नेमके तेच आतून कुजतात, कारण दारातून झिरपलेलं पाणी सिलमध्ये उतरतं आणि निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलेली असतात. बाहेरून रंगाचे दोन फुगे दिसतात, आत चाळण झालेली असते.

गाडी गॅरेजला देण्याआधी रविवारची सकाळ यावर घाला. फ्रिजवरचा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, सिल, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ यांवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आधीच कुणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग मॅट काढून तळाला स्क्रूड्रायव्हर टोचा. पत्रा टणक लागला तर वरवरचा गंज; टोक आत गेलं तर तेवढा भाग कापावाच लागेल. जॅक लावायची जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि स्टेपनीचा खळगा विसरू नका. सगळीकडे खडूने खुणा करून फोटो काढून ठेवा. भाव ठरवताना हेच फोटो कामाला येतात.

खर्चाची खरी फोड अशी. २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा ८ बाय ४ फुटांत जेमतेम २१ किलो भरतो. असे दोन पत्रे आणि सिलच्या आतल्या पट्टीसाठी १८ गेजचा एक घेतला तरी पत्र्याचे सहा-सात हजार होतात. वेल्डिंगची तार, गॅस, ग्राइंडरच्या चकत्या, इपॉक्सी प्रायमर, सीम सीलर, पोकळीत मारायचं मेण, सगळं मिळून वीस हजार धरा. बाकी सगळी मजुरी : दोन सिल, दोन्ही बाजूंचा तळ, चार दारांच्या खालच्या कडा आणि डिकी यांना चांगल्या डेंटरचे २५ ते ३० दिवस. दिवसाला १८०० धरले तर ४५ ते ५४ हजार. कापल्यावर आतून निघणाऱ्या गंजासाठी आणि गॅरेजच्या नफ्यासाठी २५-३० हजार ठेवा. १ लाख १० हजारांत पत्र्याचं काम बसायला हवं. तयार भाग हवे असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे फेरी मारा, पण टॅक्सीचं दार उचलण्याआधी त्याची खालची कड बघा. मुंबईचा पाऊस तिनेही खाल्लेला असतो.

पैसे वाया जातात ते या कामात :

गंजावर लांबी. लांबी ओलावा शोषते, खाली गंज फुगत राहतो आणि एक-दोन पावसाळ्यांत रंगासकट पोपडा उठतो. गंज पूर्ण कापून, ठिगळ वेल्ड करून, घासून झाल्यावर वर एक-दोन मिलिमीटर लांबी चालते. भोक बुजवायला चालत नाही.

गॅस वेल्डिंग. पातळ पत्रा सगळा तापतो आणि लाटा उठतात. सीओटू वेल्डिंग मागा, तार ०.८ मिमीच्या वर नको. तीन-चार सेंटिमीटरवर वेल्डचा एकेक छोटा टाका, तोही समोरासमोरच्या बाजूंना आलटूनपालटून. सलग ओढलेली वेल्ड दिसली तर काम थांबवा.

आणि सर्वांत महाग चूक : दोन्ही सिल एकदम कापणं. गाडी मधून बसते, मग दारं लागत नाहीत आणि ते नंतर कुणालाही नीट करता येत नाही. आधी दाराच्या चौकटीत आडवी पाइप टाके मारून बसवायची, खालून आधार द्यायचा, एका बाजूची सिल पुरी करायची, दाराच्या फटी मोजायच्या आणि मगच दुसरी उघडायची. वेल्डिंगआधी बॅटरी सोडलेली आणि पेट्रोलची टाकी उतरवलेली हवी, हे अंदाजपत्रकावरच लिहून घ्या.

दोन टप्प्यांत काम करता येतं ते इपॉक्सी प्रायमरमुळे. कोऱ्या पत्र्यावर हार्डनरवालं इपॉक्सी मारलं तर ओलावा आत जात नाही. नुसता राखाडी सर्फेसर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून सोडलेली गाडी मात्र स्पंजासारखी पाणी पिते. इपॉक्सीला ऊन चालत नाही, भुकटी धरते. म्हणून बाहेरच्या ठिगळांवर जुन्या रंगाचा एक हात मारून घ्या. दिसायला ठिगळं दिसतील, दिसू देत. खालून डांबर फासू म्हणाले तर नको म्हणा. गंजावरचं डांबर ओल आत कोंडून ठेवतं.

आता पैसे कुठून. महिन्याला ५८ हजार जातात, तर सहा महिन्यांचे साडेतीन लाख हलवायचे नाहीत. सहा लाखांतून ते आणि फीचे १ लाख २० हजार वजा केले की उरतात १ लाख ३० हजार. तुमची खरी ऐपत एवढीच आहे, आणि पत्र्याचं काम त्यात बसतं.

कर्ज नको. २ लाख ८५ हजारांना १४ टक्क्यांनी तीन वर्षं महिना सुमारे ९,७४० रुपये हप्ता बसेल, व्याज होईल ६५ हजारांच्या वर. ठेव ७ टक्के मिळवत असताना शेजारी १४ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. शिवाय पगारातून तुमच्याकडे उरतात १२ हजार. एवढा हप्ता लावल्यावर क्लचप्लेट गेली तरी क्रेडिट कार्ड बाहेर येईल.

तीनपैकी सर्वांत अलीकडे काढलेली ठेव मोडा, तिथे बुडणारं व्याज सर्वांत कमी. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँका सहसा अर्धा ते एक टक्का कापतात, आधी विचारून घ्या. दोन लाखांतले १ लाख १० हजार पत्र्याला, उरलेले ९० हजार फीसाठी बचत खात्यात. फीचे उरलेले ३० हजार बोनसमधून जमले नाहीत तर उरलेल्या दोनपैकी एका ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, तो ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच महाग पडतो. एसआयपीला हात लावू नका. रंगासाठी महिन्याला ९ हजारांची १५ महिन्यांची आरडी लावा, ७ टक्क्यांनी सुमारे १ लाख ४० हजार होतील. दिवाळीनंतर सुरू केलीत तर कोरड्या हवेत, माघात पेंटिंगला पैसे तयार.

पत्र्याचं काम याच हिवाळ्यात का, तर ऑगस्ट २०२७ मध्ये तुमच्या आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आहे. पेणच्या आरटीओत तपासणीला कुजलेला तळ घेऊन जाण्यात अर्थ नाही. वीस वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क २०२५ मध्ये वाढलंय, तेही बाजूला ठेवा. गॅरेजवाले 'व्हिंटेज नोंदणी करू' म्हणाले तर ऐकू नका. त्याला गाडी ५० वर्षांची लागते, तुमची २०३७ ला होईल, आणि त्या नोंदणीवर रोज गाडी चालवता येत नाही.

आरसी कुणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. गाडी तुमच्या नावावर करायला वडील हयात असतील तर फॉर्म २९ आणि ३०, नसतील तर वारसांसाठी फॉर्म ३१. हे झाल्याशिवाय गॅरेजला रुपयाही देऊ नका; अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकेल. गंज आणि झीज विम्यात बसत नाही. काम झाल्यावर मात्र बिलं दाखवून विमा कंपनीशी गाडीची किंमत नव्याने ठरवा, पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत दोघांच्या संमतीनेच ठरते. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागेल.

गॅरेजला उचल २५ टक्के. पुढचे ३५ टक्के कुजका भाग कापून झाल्यावर, आणखी ३० कोऱ्या पत्र्यावरची वेल्ड तुम्ही डोळ्यांनी बघितल्यावर, प्रायमर मारण्याआधी. शेवटचे दहा टक्के पाण्याच्या परीक्षेनंतर : मॅटखाली वर्तमानपत्र पसरायचं, काचांवर आणि दारांवर दहा मिनिटं नळी धरायची, मग कागद उचलून बघायचा. दाराखालच्या भोकांतून पाणी बाहेर पडताना दिसलं आणि कागद कोरडा निघाला की उरलेले पैसे देऊन टाका.