रिबिल्ड मध्येच अडकलं, नॅस बंद पडला. लग्नांचे फोटो परत मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की खानापुरात तुमचा फोटो स्टुडिओ आहे, ४ टीबीच्या चार डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी), रेड ५ (एकच डिस्क गेली तर बाकीच्यांवरून डेटा परत बनवता येतो अशी मांडणी). एक डिस्क गेली म्हणून नवी घातली, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कची माहिती नवीवर परत भरणं) चालू असतानाच दुसरी बाहेर पडली आणि आता व्हॉल्यूम (सगळ्या डिस्क मिळून बनलेली साठवण) क्रॅश दाखवतंय.

फोटो मिळायची शक्यता चांगली आहे. फक्त नॅसची पॉवर आत्ता बंद करा आणि ‘इनिशियलाइज’ किंवा नवा पूल (डिस्कचा नवा गट) बनवायचं कुठलंही बटण दाबू नका. बेळगावात मी हेच काम करतो. डिस्क बिघडून जात नाही इतका डेटा नंतरच्या घाईत जातो.

रेड ५ मध्ये गेलेल्या डिस्कची माहिती परत बनवायला उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण १२.५ टीबी वाचनामागे एखादी चूक होऊ शकते, असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या चालतात, पण वर्षानुवर्षं न उघडलेल्या एखाद्या लग्नाच्या फोल्डरखाली खराब सेक्टर (डिस्कचा वाचता न येणारा छोटा तुकडा) असेल, तर तो नेमका रिबिल्डमध्येच सापडतो. मग नॅस ती डिस्कच बाहेर काढतो. त्यामुळे तुमची दुसरी डिस्क पूर्ण मेलेली नसावी, आणि सगळी मदार तिच्यावरच आहे.

प्रत्येक डिस्कवर मार्करने खणाचा नंबर लिहा, सिरीयल नंबरच्या लेबलचा फोटो काढा. पहिली गेलेली डिस्क टाकून देऊ नका: दुसरीवरचा जो भाग वाचता येणार नाही, तो जुन्या फोटोंचा असेल तर हिच्या मदतीने परत बनवता येऊ शकतो. अर्धवट भरलेली नवी डिस्क मात्र उपयोगाची नाही.

मग लिनक्सच्या पीसीवर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम) प्रत्येक जुन्या डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, मॅप फाईल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) ठेवून, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पावसाळ्यात तुमच्याकडे यूपीएसशिवाय हे करूच नका. बहुतेक घरगुती नॅसच्या आत लिनक्सचंच सॉफ्टवेअर रेड असतं. त्यामुळे एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘एक्झॅमिन’ने इव्हेंट काउंट (प्रत्येक डिस्कवर नोंदलेला बदलांचा आकडा) जुळवून पाहा आणि प्रतींवरच ‘असेंबल’ करा, म्हणजे रेड पुन्हा जोडा. ‘क्रिएट’ नको, त्याने रेडच्या मांडणीची जुनी नोंद पुसली जाते. व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरतं माउंट करा (उघडा).

दुसऱ्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. तसंच चालवलं तर हेड (वाचणारा भाग) प्लॅटरवर, म्हणजे आतल्या तबकडीवर घासतं. तिला क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबलाच पाठवा. दुकानात कुणालाही झाकण उघडू देऊ नका.

तोवर अल्बम छापणाऱ्या लॅबकडे, गिऱ्हाईकांना दिलेल्या पेनड्राइव्हवर आणि एडिटिंगच्या लॅपटॉपवर काय उरलंय ते बघा. आणि या सिझनची मेमरी कार्डं आत्तापासून वापरू नका. फॉरमॅट केली असली तरी वर नवं शूटिंग झालं नसेल, तर त्यातलेही फोटो बऱ्याचदा निघतात.