भाऊ बोलले की सगळे गप्प

प्रश्न: डिचोलीकडे आमच्या वाड्यावर जत्रेच्या खर्चाची मीटिंग असते, पण भाऊ बोलले की विषयच संपला, सगळे माना डोलावतात आणि खरी चर्चा नंतर चहाच्या गाड्यावर. काय करू?

उत्तर: भाऊंना बाजूला सारायला जाऊ नका हां, उलट आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा की भाऊ, तुम्ही शेवटी बोला, निकाल तुम्हीच जाहीर करा. मग मंडपात खर्चाच्या चिठ्ठ्या मांडून प्रत्येकाला पाच चिंचोके द्या, हवे तिथे ठेवू देत. पीआरएवाले, म्हणजे गावकऱ्यांनाच सोबत घेऊन गावाचा अभ्यास आणि नियोजन करणारे, १९९० च्या दशकापासून खेड्यांत असंच काहीतरी करतायत. चिंचोक्यावर नाव नसतं, त्यामुळे सूनबाईपण बिनधास्त ठेवते. आणि हे बाहेरचं फॅड नाही, आपल्या गोव्याच्या जुन्या गावकारीत, म्हणजे गावाचा कारभार एकत्र पाहणाऱ्या मूळ घराण्यांच्या मंडळात, एका गावकाराच्या 'नकारा'नेही ठराव अडायचा. फक्त मोजायला भाऊंच्या नातवाला बसवू नका.